हशापुरती जागा

पायातले बूट काढा. हो, इथंच, माणच्या रस्त्याच्या कडेला. पाठीवरची लॅपटॉपची बॅगही उतरवा; जिथं जायचंय तिथं ती ठेवायला टेबल नाही आणि उघडायला कारण नाही. संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. फेज थ्रीतून सुटलेल्या कंपन्यांच्या बस एकीला एक चिकटून उभ्या आहेत, मेट्रोचे खांब वरून गंमत बघतायत आणि तुमची कॅब गेली पंचवीस मिनिटं ‘दोन मिनिटांत पोचतो’ म्हणतेय. ती काही इतक्यात येत नाही. तेवढ्या वेळात आपण पन्नासेक वर्षं मागं जाऊन येऊ.

डोळे मिटा. एक पाऊल डांबराबाहेर टाका.

आधी कळते ती माती. चैत्राच्या उन्हानं दिवसभर भाजलेली, तळव्याला चटका देणारी, बोटांच्या बेचक्यांत पिठासारखी शिरणारी. मग वास येतो: शेणाचा, वाळल्या पेंढ्याचा, कुणाच्या तरी चुलीवरच्या भाकरीचा. आणि मग कान एकदम मोकळे होतात, कारण हॉर्न गेलेत. काचेच्या इमारती होत्या तिथं भाताची रिकामी खाचरं पडलीत आणि बांधावरून एक शेळी तुमच्याकडे संशयानं बघतेय. तुमची पँट तिला पटलेली नाही.

“आरं, हुबा काय ऱ्हायलायस? चल की! जागा मिळायची न्हाई!”

हा मामा. जुन्या काळात शिरायचं तर एक मामा लागतोच, म्हणून तुम्हाला दिला. पिंपरीला टेल्कोत लागलाय. अंधार असताना सायकल मारत जातो, पहिली पाळी करून उन्हातनं सायकल मारत येतो. अंगाला अजून मशीनच्या ऑइलचा वास आहे. भांग मात्र जत्रेचा, खोबरेल तेलानं चापून बसवलेला. त्याच्या काखेत गुंडाळलेलं पोतं आहे. पोतं कशाला, विचारू नका. थोड्या वेळानं तुमची सगळी इस्टेट तेवढीच असणार आहे.

सायकलच्या नळीवर बसा. नळी टोचते, खड्डा आला की जास्त टोचते, आणि रस्ता म्हणजे एकाला एक लागून खड्डेच आहेत. आज चैत्री पौर्णिमा, म्हातोबाची जत्रा. हिंजवडीहून निघालेलं बगाड वाकडला गेलं. ते लाकडी धूड, त्याला जुंपलेले बैल, वरती गळकरी आणि मागं धुळीचा लोट, एवढं सगळं मामा तुम्हाला मागून कानात ओरडून सांगतोय, कारण तुम्ही उशिरा आलात. देवाचं झालं. आता माणसांचं सुरू होणार.

तंबू दिसायच्या आधी ऐकू येतो. डिझेलचं इंजिन धडधडतंय आणि त्याच्यावर ताण करत एक भोंगा किंचाळतोय. जवळ जाल तसे वास बदलतात: गोडीशेव आणि रेवड्या, कढईतली भजी, बिडी, बैलांचा घाम, माणसांचा घाम, इंजिनाचा काळा धूर. खिडकी म्हणून लाकडी फळीला पाडलेलं भोक आहे, त्यात हात घालायचा. शंभर हात आधीच आत आहेत. मामा मूठभर चिल्लर घेऊन त्या गर्दीत घुसतो, नाहीसा होतो आणि सदऱ्याचं एक बटण गमावून, दोन तिकिटं दातांत धरून परत येतो.

आत चला. वाका, नाहीतर तंबूची दोरी कपाळावर बसेल. खुर्च्या शोधू नका. जमीन आहे, ढेकळं आहेत आणि तुमचं पोतं आहे. मधोमध एक दोर बांधलाय: अलीकडे बाप्ये, पलीकडे बाया. बायांच्या बाजूला पोरं निजलीत, म्हाताऱ्यांनी मिसरीची डबी उघडलीय, कुणी भाकरीचं फडकं सोडलंय. तुमच्या मागचा माणूस तुमच्या पाठीला गुडघे टेकून बसलाय आणि तुम्हीही पुढच्याला तेच करणार आहात. वर बघा. तंबूला ठिगळं आहेत आणि जिथं ठिगळ नाही तिथं भोकं आहेत. भोकांतून पौर्णिमेचा चंद्र ठिपक्याठिपक्यांनी आत आलाय, अगदी फुकट.

मग मागं काहीतरी चरचरतं. प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ येतात, निळसर पांढरा जाळ पेटतो, जळका तिखट वास सुटतो आणि सगळ्यांच्या डोक्यावरून उजेडाचा एक पट्टा पडद्याकडे निघतो. त्या पट्ट्यात शंभर बिड्यांचा धूर नाचतोय. पोरं त्यात हात घालून पडद्यावर हरीण काढतात, शिव्या खातात, हरीण पळतं.

सिनेमा आहे ‘सोंगाड्या’.

पडद्यावर तो आला. काही बोललाही नाही अजून. ढगळ अर्धी चड्डी, तिची खाली लोंबणारी नाडी आणि जगानं आपल्याला आत्ताच काहीतरी सांगितलं पण ते आपल्याला समजलं नाही, असा चेहरा. हा नाम्या, म्हणजे दादा कोंडके. तंबूत जो आवाज उठतो तो हसण्याचा म्हणावा की ओळख पटल्याचा, हे ठरवायला तुम्हाला वेळ मिळत नाही, कारण शेजाऱ्यानं तुमच्या मांडीवर थाप मारलीय. ती चुकून मारली. हसताना कुणाची मांडी आपली आणि कुणाची दुसऱ्याची, हे तंबूत पाळलं जात नाही.

“आपल्याकडचाच हाय,” मामा कानात सांगतो. “भोरचा. इंगवली. आपलं मुळशी आन् भोर काय, बोली एकच की!”

आता एक काम करा. पडद्याकडे पाठ फिरवा. तुम्हाला काळ बघायचाय ना? तो पडद्यावर नाही, समोर बसलाय. नाम्यानं एक वाक्य टाकलं. साधंच दिसणारं, आत दुसरा अर्थ दडवून ठेवलेलं. बाप्ये लगेच फुटले, सरळ, तोंड वर करून. दोराच्या पलीकडे मात्र अर्धा श्वास सगळं गप्प. बाया आधी एकमेकींकडे बघतात. कळलं का तुला? मला तर नाही कळलं. मग पदर तोंडाशी जातो, खांदे हलायला लागतात आणि बाप्यांचं हसू ओसरत असताना तिकडचं उसळून वर येतं. एक दात नसलेली आजी शेजारणीच्या गुडघ्यावर बुक्क्या मारतेय आणि ‘मेला!’ म्हणतेय. हा ‘मेला’ शिवी आहे की आशीर्वाद, हे त्या नाम्याला नेमकं ठाऊक आहे.

आणि या हशात त्याचं पुढचं वाक्य बुडालं. “काय म्हनला? काय म्हनला रं?” प्रश्न मागच्या रांगांकडे सरकत जातो, उत्तर पुढून मागं येतं, जसं येईल तसं जरा वाढतं, आणि शेवटच्या रांगेतून एक नवा हशा उठतो. एका विनोदाचे तीन हशे. एवढं पीक तुमच्या खाचरात कधी आलंय?

खट्. अंधार.

घाबरू नका, रीळ संपलं. हजार फुटांचं रीळ, सेकंदाला २४ चित्रं, जेमतेम अकरा मिनिटं. दोन रिळं जोडली तरी अर्धा तास काही भरत नाही. आणि तंबूवाल्याकडे मशीन एकच. डबा बदलेपर्यंत पडदा कोरा. शिट्ट्या सुरू झाल्या, “ए लाइट!” सुरू झालं, कुणाचं तरी पोर रडायला लागलं. हा अंधार आपल्या कामाचा आहे. मामाला सांगा जागा धर, आणि त्या अंधारातच मागं सरका.

आणखी थोडं मागं. ठेच लागली ती नाट्यगृहाच्या पायरीची. गाव कुठलंही धरा. या वगनाट्याचे पंधराशेच्या वर प्रयोग झालेत, तेव्हा तुमचं गाव त्यात असायला हरकत नाही. इथं खुर्च्या आहेत, ढेकणांसकट. पंखे फिरतायत आणि गरम हवा इकडून तिकडं करतायत. बायकांच्या गजऱ्यांचा वास, बटाटेवड्याचा वास, रंगपटातून येणारा स्पिरिट गमचा वास. ढोलकी कडाडते आणि तुमच्या बरगड्यांत वाजते. गण झाला, गवळण झाली, आता वग. वसंत सबनिसांनी लिहिला तेव्हा याचं नाव होतं ‘छपरी पलंगाचा वग’. १९६५ पासून गाजतोय तो ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावानं.

गोष्ट काय? एका हवालदाराला कोतवालाची जागा हवी आहे आणि प्रधानानं तिथं नात्यातला माणूस आणून बसवलाय. बस. तुमच्या ऑफिसातली गोष्ट वाटली असेल, तर बाकीच्या सातशे लोकांनाही त्यांच्या ऑफिसातलीच वाटतेय.

हवालदार आला. तोच चेहरा, पण इथं तो सात-आठ हात लांब आहे, जिवंत आहे आणि त्याच्या गळ्यावरचा घाम तुम्हाला दिसतोय. तुम्ही उशिरा आलात, वाकून रांगेत शिरताय. ही चूक झाली. त्यानं तुम्हाला बघितलंय. संवाद अर्ध्यावर ठेवून तो थांबतो, सगळं नाट्यगृह थांबतं आणि मग तो तुमच्याबद्दल काहीतरी बोलतो. काय बोलतो ते इथं छापण्यासारखं नाही आणि तुम्हीही घरी सांगणार नाही. सातशे माणसं तुमच्याकडे बघून हसतायत. गंमत म्हणजे तुम्हीसुद्धा.

पण हसता हसता त्याच्या कानाकडे बघा. नीट बघा, याच्यासाठीच आणलंय तुम्हाला. हशा चढतोय तोवर तो स्तब्ध आहे. डोळे भाबडे, हात लोंबते, जणू आपण काय बोललो हे त्यालाच कळलेलं नाही. हशा माथ्यावर पोचला, तरी गप्प. उतरायला लागला, अजून गप्प. आणि अगदी विझायच्या बेतात असताना, शेवटच्या दोन-तीन माणसांचं हसू शिल्लक असताना, त्यानं पुढचं वाक्य टाकलं. फुंकणीनं निखाऱ्यावर फुंकर मारावी तसं. सबनिसांची संहिता ही दोरी. तिच्यावर आज काय वाळत घालायचं ते हा सकाळचा पेपर वाचून आणि समोरची गर्दी हुंगून ठरवतो. कालचा प्रयोग आज नाही, आजचा उद्या नाही.

असल्याच एका रात्री खुर्चीत आशा भोसले बसल्या होत्या. त्यांनी या माणसाचं नाव भालजी पेंढारकरांच्या कानावर घातलं. पण तिकडं जायच्या आधी हा थांबायला शिकला कुठं, ते बघून घेऊ. ढोलकी वाजते आहे तोवर मागच्या दारानं बाहेर पडा.

बाहेर पडलात ते मुंबईत, नायगावात. गिरणीचा भोंगा झालाय आणि माणसांचा पूर रस्त्यावर आलाय. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू, त्यामुळं तरणी पोरंही म्हातारी दिसतायत. चाळीच्या जिन्यात सुक्या बोंबलाचा वास, नळावर हंड्यांची रांग आणि एका खोलीत इतकी माणसं, की निजायचं तर पाळी लावावी लागते. भोर, मुळशी, वेल्हे इथून आलेली ही माणसं. मुंबईत राहतात आणि पावसाची वाट गावच्या शेतासाठी बघतात. अशाच एका गिरणी कामगाराच्या घरात १९३२ साली गोकुळाष्टमीला पोरगं झालं, म्हणून नाव कृष्णा. कृष्णा मोठा झाला, गल्लीतल्या मारामाऱ्यांत सोड्याच्या बाटल्यांसकट उतरला, पुढं अपना बाजारात नोकरीला लागला. आणि तो बँडमध्ये होता. शाळेत नाही शिकवत ते तिथं शिकवतात.

तो बघा, बँड येतोय. गल्ली इतकी अरुंद, की आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून तुमच्या डोक्यात परत येतो. आता बँडबरोबर चाला. खिडक्या वर बघत चाला. एका खिडकीत कुणी नाचायला लागलं की तिथं दोन आवर्तनं जास्त. एका दारात कुणी तोंड फिरवलं की चाल बदल, पुढं चल. कुणाच्या घरात सुतक असेल तर एकदम बंद. रस्त्यावर वाजवणाऱ्याला तिकीट विकता येत नाही. माणूस थांबला तर थांबला, गेला तर गेला. तेव्हा तो थांबेल कशानं, हे अंगात भिनावं लागतं. बँडनंतर सेवा दलाचं कलापथक, कलापथकानंतर ‘खणखणपूरचा राजा’ आणि तिथं सबनिसांची नजर पडली, असा हा पायी केलेला प्रवास आहे. यात नाट्यशास्त्राचं पुस्तक कुठं आलेलं नाही.

गिरणीचा भोंगा पुन्हा झाला, आणि त्या आवाजाला धरून तुम्ही तंबूत परत आलात. पडदा उजळलाय. पोत्यावरची तुमची जागा मामानं धरलीय, म्हणजे तिथं पाय पसरलेत.

“कुठं गेलतास?”

“नायगावला.”

“बरं झालं. पर भज्याचं इसरलास.”

पडद्यावर कलावती नाचतेय, म्हणजे उषा चव्हाण, आणि तंबूत पैसे उडायला लागलेत. पडद्यावर! नाणी कापडावर आपटून खाली पडतात आणि तंबूवाल्याची पोरं ती वेचतात. मग रत्नमाला येते, नाम्याची आये. तिनं डोळे वटारले की बाप्यांच्या बाजूला एकदम शिस्त येते; प्रत्येकाच्या घरी एक आये आहे. नाम्या गातो तेव्हा त्याच्या तोंडून जयवंत कुलकर्णी गातायत. पण या तंबूत कुणी शपथेवर सांगेल, की हा आवाज भोरच्या घाटातलाच.

खट्. पुन्हा अंधार. चला, पळा.

या वेळी शांतता अंगावर येते. भालजींचा सेट आहे, ‘तांबडी माती’ सुरू आहे. मोठ्या दिव्यांची उष्णता तोंडावर भट्टीसारखी लागतेय, चेहऱ्यावरचा रंग वितळतोय, जमिनीवर सापासारख्या केबली पसरल्यात. भालजी सिनेमातले आजोबा. त्यांच्यासमोर मोठमोठे हात बांधून उभे राहतात. आपला हवालदार पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभा आहे. त्यानं आपलं वाक्य म्हटलं. आणि काय झालं?

काहीच नाही.

कुणी हसलं नाही. हसायचंच नसतं, आवाज रेकॉर्ड होईल. लाइटवाल्या पोरानं मूठ तोंडात कोंबलीय, पण ते त्याला अंधारात दिसत नाही. हशाच्या माथ्यावर उभं राहून पुढचं वाक्य टाकणारा माणूस, आणि समोर काचेचा एक गोल डोळा, पापणी न हलवणारा. तुम्ही कधी म्यूट झालेल्या मीटिंगमध्ये विनोद केलाय? तसं. पण तुमच्या पोटाचा प्रश्न नव्हता.

‘तांबडी माती’ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते चांगलंच झालं. पण दादा कोंडके नावाचा दिग्दर्शक कुठं जन्मला, असं मला विचाराल, तर मी या शांततेकडे बोट दाखवीन. इथून पुढं त्याला एकच गोष्ट करायची होती: गप्प सेटवर उभं राहून तंबूतला हशा ऐकायचा, तो किती वेळ टिकेल याचा अंदाज करायचा आणि सिनेमात बरोबर तेवढी जागा मोकळी सोडायची.

लगेच नाही जमलं ते. आधी त्यानं स्वतः पैसे उभे करून ‘सोंगाड्या’ काढला, १९७१ साली. गोष्ट सबनिसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. दादरच्या कोहिनूरला पडदा मिळायला केवढं रामायण झालं, ते मुंबईकर अजून रंगवून सांगतात; त्यात राजकारण आहे, आपल्याला शेवटचं रीळ गाठायचंय, सोडून देऊ. पुढच्या वर्षीच्या ‘एकटा जीव सदाशिव’लाही कुलकर्णीच. दादा समोर नाचायचे आणि एक डोळा कॅमेऱ्यामागं ठेवायचे.

आता जरा पुढं उडी मारू, तीन-चार वर्षं. मामाला विचारायची गरज नाही, रीळ अजून अडकलंय. ऑपरेटर फिल्म कापून चिकटवतोय आणि त्याच्या नावानं तंबूत शिव्यांची आरती चाललीय.

१९७५. ‘पांडू हवालदार’. दिग्दर्शक: दादा कोंडके. बघा, खाकी परत आली. रंगमंचावर ज्या हवालदाराला बढती मिळत नव्हती, तोच इथं दिग्दर्शक झालाय. शॉट लावून झाला. दादा कॅमेऱ्यातून बघतात, मग धावत जाऊन स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभे राहतात. शॉट संपला की पुन्हा इकडं. आजच्यासारखा मॉनिटर नाही की लगेच बघितलं. फिल्म धुऊन येईपर्यंत आपण कसे दिसलो हे देवाला ठाऊक. मग दिग्दर्शक कुणाकडे बघतो? सेटवरच्या स्पॉटबॉयकडे, चहा घेऊन आलेल्या पोराकडे. त्या पोरानं ओठ दाबलेत का? किटली हलली का? हलली तर शॉट ओके. हे मी कल्पनेनं सांगतोय, पण रस्त्यावरच्या खिडक्या वाचणारा माणूस दुसरं काय करणार?

सोबत दुसऱ्या हवालदाराच्या खाकीत एक तरुण नट आहे, अशोक सराफ. त्याच्याकडे नीट बघून ठेवा, पुढं उपयोगी पडेल. कोपऱ्यात नवे संगीतकार बसलेत, सुरेंद्र आणि विजय पाटील. दादांनी त्यांचं बारसं करून टाकलंय: राम-लक्ष्मण. यातला राम लवकरच जाणार आहे आणि लक्ष्मण दोघांचंही नाव घेऊन ‘मैंने प्यार किया’पर्यंत पोचणार आहे. पण ते इथं कुणालाच माहीत नाही. तुम्हीही गप्प बसा. काळात फिरणाऱ्यानं चहाड्या करायच्या नसतात.

आता रविवारची दुपार, पिंपरीकडचं एक थेटर. ‘हाउसफुल्ल’ची पाटी इतकी दिवस टांगलीय, की तिच्या मागं चिमणीनं घर केलंय. सुट्टीचा दिवस म्हणून टेल्कोवाले, बजाजवाले, अँटिबायोटिक्सवाले सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. पण मान वळवली की कॉलरजवळ ग्रीसचा एक डाग सापडतोच. कुणी सातारचा, कुणी बार्शीचा, कुणी लातूरचा. कंपनीत एकमेकांना तिकीट नंबरानं ओळखतात. इथं अंधार झाला, पांडू आला आणि सातारचा माणूस लातूरच्या माणसाच्या खांद्यावर कपाळ टेकून हसला. गाव सोडून आलेल्या माणसाला गाव कुठं भेटतं? आठवड्यातून अडीच तास, इथं.

थेटरात सिनेमा पंचवीस आठवडे टिकला की रौप्यमहोत्सव. ऐकायला सोपं आहे. पंचवीस आठवडे म्हणजे पोस्टरवर एक अख्खा पावसाळा. उन्हानं नायिकेच्या ओठांचा रंग उडालाय, डोअरकीपरला संवाद पाठ झालेत आणि तो नाम्याच्या आधी बोलतो म्हणून मार खाता खाता वाचलाय. दादा कोंडक्यांचे असे नऊ सिनेमे, ओळीनं. गिनीज बुकात नोंद झाली. बऱ्या घरांतली माणसं नाक मुरडत होती, सेन्सॉरवाले कात्री घेऊन बसत होते. दुहेरी अर्थाच्या वाक्याची गंमत अशी, की पहिला अर्थ सोवळ्यात असतो. दुसरा कळला म्हणून तक्रार करायची, तर तो आपल्याला कळला हे आधी कबूल करावं लागतं. दोरापलीकडच्या आजीनं ते केव्हाच कबूल केलंय.

चला परत. शेवटचं रीळ लागलं.

तंबूत आता गारवा आलाय. वाऱ्यानं कापड फुगतं आणि पडद्यावरचा नाम्या मधेच जाडा होतो, मधेच बारीक. अर्धी पोरं निजलीत. तुमच्या पायाला मुंग्या आल्यात आणि शेजाऱ्याचा कोपर तुमच्या बरगडीत इतका वेळ आहे, की आता तो काढला तर चुकल्यासारखं वाटेल. सिनेमा संपतो, पण लोक उठत नाहीत. कोऱ्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतात, जणू तो अजून काहीतरी बोलेल.

मग माणकडे परत. सायकल पंक्चर, म्हणून चालत. चांदणं इतकं, की खाचरांचे बांध मोजता येतात. पुढं-मागं माणसांच्या रांगा आणि प्रत्येक रांगेत एकजण नाम्या झालाय. मामाही झाला. सगळे संवाद त्याला पाठ आहेत, क्रम तेवढा चुकतो. एक वाक्य टाकतो आणि थांबतो. तुम्ही हसता, पुढची रांग हसते, लांब कुठं तरी बांधावरून बायांचा घोळका उशिरानं हसतो. ते हसू विझत आलं की मामा पुढचं वाक्य टाकतो. कुणी शिकवलं त्याला हे? अर्ध्या रात्रीत तो थांबायला शिकून आलाय.

“मामा, सकाळी पहिली पाळी ना?”

“हाय की.” दोन पावलं गप्प. “झोपून तरी काय करायचंय?”

आता पाऊल सांभाळून टाका. डांबर आलं.

हॉर्न. कॅब आली, एकदाची. बूट घाला, बॅग घ्या. तळव्याची माती राहू द्या. एसीचा थंड वास, आरशाला लटकलेला सुगंधी पुठ्ठा. गाडी तीनशे फूट जाते आणि थांबते. समोर लाल दिव्यांची माळ थेट वाकडपर्यंत. ड्रायव्हर कंटाळून डॅशबोर्डवरच्या मोबाइलला बोट लावतो. आणि ऐका, कोण बोलतंय! तळहाताएवढ्या पडद्यावर तीच नाडी, तोच चेहरा. वाक्य टाकून झालंय आणि तो गप्प उभा आहे. नुसताच बघतोय. एरवी तुम्ही म्हणाला असता, जुना सिनेमा, किती संथ! पुढं ढकल.

ड्रायव्हरचा अंगठा खरंच पुढं ढकलायला निघालाय.

“राहू द्या,” तुम्ही म्हणता. ती शांतता किती लांब आहे हे तुम्हाला आता मोजता येतं. बाप्यांचं हसू, मग अर्धा श्वास, मग दोरापलीकडचं, मग “काय म्हनला?”, मग शेवटची रांग. बरोबर तेवढीच.

ड्रायव्हर आरशातून तुमच्याकडे बघतो. तुम्ही एकटेच हसताय, आणि तेही जरा उशिरानं.